ओटी, ओसरी की पडवी?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय. तळमजल्याच्या लॉबीला मराठमोळं रूप म्हणून आर्किटेक्टनी लाकडी खांब आणि महिरप दाखवलीय, नाव दिलंय ‘ओसरी’. समितीतल्या एक काकू म्हणतात, कोकणात ओटी म्हणतात. दुसऱ्या सभासदांना पडवी हवीय. फरक काय? पाटी करायला टाकायचीय.

उत्तर (बेलापूर): तिन्ही शब्द सरसकट एका जागेचे नाहीत. पडवी म्हणजे मुख्य छपराचा उतार आणखी खाली आणून काढलेली बुटकी जागा. आमच्या गावठाणातल्या घरी पडवीत शिरताना आजोबांना मान झुकवावी लागे. इरली, जाळी, सरपण सगळं तिथं. ओटी तिच्या आत, एक पायरी उंच. झोपाळा तिथं, आल्यागेल्याला पाणी तिथं. (साडीची ओटी भरतात, ती निराळी.)

ओसरी देशावर जास्त ऐकू येते, पण ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण ठाण्यातही सगळ्यांना पाठ. तिच्यातला टोमणा सोडा, जागा बघा. घरात न घेता परक्याला छपराखाली टेकू द्यायचं, ती ओसरी. खांब लाकडाचे की सिमेंटचे, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. तुमच्या लॉबीत कुरिअरवाला पाच मिनिटं बसू शकतो का?

वास्तूत मराठीपण कसं येतं, ते आमच्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये येऊन बघा. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ मध्ये आखलेली ही वसाहत. सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशे कुटुंबं. सात-सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या मोकळ्या जागेभोवती, अशा तीन गटांची मिळून एकवीस घरं बारा बाय बाराच्या जागेभोवती. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे कुटुंब वाढलं की घर वाढवता येतं. गवंड्याला जमेल असं साधं बांधकाम, वर कौलारू उतार. महिरप कुठंच नाही. पुढं बऱ्याच जणांनी मूळ घरं पाडून स्लॅबची बांधली, तरी मधल्या मोकळ्या जागा राहिल्या.

त्या जागेला बरेच जण चौक म्हणतात. मला ते पटत नाही. वाड्याचा चौक एकाच घराच्या पोटात असतो. हे सात घरांचं अंगण आहे. संध्याकाळी पोरं खेळतात, कुणाचे पापड वाळतात, आणि कुणाच्या दारात कोण आलंय ते साती घरांना दिसतं.

पुन्हा नौपाड्याहून: नकाशा काढून बघितला. सोफा आहे, पण काचेच्या दाराच्या आत, आणि दार कार्डानं उघडणार. बाहेर फक्त वॉचमनची केबिन. आता बाहेर दोन मीटरचं उतरतं छप्पर आणि त्याखाली भिंतीलगत दगडी ओटा मागितलाय. पण ‘ओटा’ म्हटल्यावर आर्किटेक्टच्या असिस्टंटनी विचारलं, लॉबीत किचन कशाला?

उत्तर (बेलापूर): त्या मुलाला दोष देऊ नका. दारापुढचे ओटे गेले, आता शहरात तो शब्द ग्रॅनाइट आणि सिंकपुरताच उरलाय. त्याला ‘बसायचा ओटा, दीड फूट उंच’ असं लिहून द्या. छप्पर खरंच खाली उतरवलंत, तर त्याला पडवी म्हणा, अगदी बरोबर होईल. ओसरीची पाटी मात्र सध्या थांबवा. आधी तिथं कोण कोण बसतं ते एक पावसाळा बघू.