मेटाफिजिक्सवरचं संशोधन पुरे, आता माणसं नीतिशास्त्राकडे वळवा. पटतंय का?

लकडीपूल
पुण्यातली तत्त्वज्ञानाची व्याख्यानं मी बाहेरचा श्रोता म्हणून बरीच वर्षं ऐकतोय. अलीकडे मेटाफिजिक्सच्या, म्हणजे मुळात काय अस्तित्वात आहे याचा विचार करणाऱ्या शाखेच्या, एका चर्चासत्रात अख्खी दुपार एकाच प्रश्नावर गेली: मातीचा पुतळा आणि ती माती, या दोन वस्तू की एकच? मांडणी चोख होती, वक्ते तयारीचे होते. म्हणूनच जास्त वाईट वाटलं. इतकी तल्लख डोकी इथे का खर्ची पडताहेत?

माझं म्हणणं असं, की सार्वजनिक पैशातून दिल्या जाणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या पाठ्यवृत्त्या आणि पीएचडीच्या जागा पुढची काही वर्षं नीतिशास्त्राला द्याव्यात. तिथे काम दिसतं. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचे हाल समोर ठेवून तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी दानाच्या कर्तव्यावर लेख लिहिला. १९७२ साली तो छापून आला, आणि तो वाचून आजही लोक पगारातला वाटा बाजूला काढतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवण्याला, आणि आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये संशोधनाच्या नैतिकता समितीवर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला बसवायची सोय आहे. त्या खुर्चीत बसून बोलू शकेल असा माणूस विद्यापीठांनी घडवावा.

उलट मेटाफिजिक्समध्ये निकाल लागतच नाही. २०२० साली बुर्जे आणि चाल्मर्स यांनी तत्त्वज्ञांची मोठी पाहणी केली. मन शेवटी भौतिकच आहे का, या प्रश्नावर निम्म्याहून किंचित जास्त लोक ‘हो’च्या बाजूचे निघाले. इतक्या शतकांनंतर ही स्थिती. विरोधी मतं जरूर मांडा.

आन्वीक्षिकी
मी मेटाफिजिक्समध्येच संशोधन करते, त्यामुळे विरोध ठामपणे नोंदवते.

तीच पाहणी नीतिशास्त्राच्या पानावर उघडा. कृती योग्य कशाने ठरते, यावरच्या परिणामवाद, कर्तव्यवाद आणि सद्गुणवाद या तीन पक्षांत मतं जवळपास एकेक तृतीयांश वाटली गेली आहेत. निकाल लागत नाही म्हणून जागा काढून घ्यायच्या असतील, तर आधी नीतिशास्त्राच्या काढाव्या लागतील.

आणि त्या समितीच्या खुर्चीत बसलेला माणूस बोलणार काय? ‘रुग्णाचं हित पाहावं’ हे सगळेच बोलतात. समोरचा देह अजून रुग्ण आहे की मृत आहे, हे आधी ठरावं लागतं. ते नीतिशास्त्र ठरवत नाही.

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात सिस्टर आहे, तत्त्वज्ञान शिकलेले नाही. पण वरचा शेवटचा मुद्दा आमच्या कामातला आहे, म्हणून लिहिते.

ब्रेनस्टेम डेथची, म्हणजे मेंदूमृत्यूची, तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. श्वासाच्या चाचणीत व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि सगळे छातीकडे बघत उभे राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० पर्यंत चढला तरी श्वासाची जराही हालचाल नाही, तर चाचणी पूर्ण. चार डॉक्टरांच्या सह्या होतात. अवयव द्यायचे असतील तर व्हेंटिलेटर परत जोडतात. लगेच छाती वर-खाली व्हायला लागते. मॉनिटरवर ठोके ९०, हात कोमट, पिशवीत लघवी जमतेय. आणि आम्ही मुलाला सांगतो, की बाबा गेले. तो बाबांच्या छातीवर हात ठेवतो आणि विचारतो, “मग हे काय चाललंय, सिस्टर?”

त्याला समितीची नियमावली नको असते. त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. घरच्यांनी अवयवदानाला नकार दिला, की व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा यावर सगळे बिचकतात. जो माणूस कागदावर गेलाय, त्याचं औषध चालू राहतं. माझ्या मते इथे नीती नंतर येते. आधी तो माणूस आहे की नाही, हा प्रश्न आहे.

वेताळटेकडी
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण यातून मेटाफिजिक्सची बाजू सिद्ध होत नाही. मेंदूमृत्यूची कल्पना तत्त्वज्ञांनी दिलेली नाही. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने ती मांडली आणि कारणं उघड लिहिली: परत कधीच शुद्धीवर न येणाऱ्या रुग्णांचा घरच्यांवर आणि रुग्णालयांवर पडणारा भार, आणि जुन्या निकषांमुळे अवयव मिळवताना होणारे वाद. गरज पडली, व्याख्या बदलली. आपल्याकडेही तेच झालं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यू म्हणजे जिवंतपणाची सगळी चिन्हं कायमची नाहीशी होणं. १९९४ चा प्रत्यारोपणाचा कायदा आला आणि त्यात ब्रेनस्टेम डेथ घातली. समाज सोयीने रेषा आखतो. लकडीपूल बरोबर बोलताहेत.

आन्वीक्षिकी
सोयीने आखलेली रेषा टिकली का, तेही सांगा ना. १९६८ नंतर लोक विचारू लागले, की हा माणूस खरोखर मेलाय, की मेलाय असं आपण ठरवलंय? खोटं मरण जाहीर करून हृदय काढणं म्हणजे जिवंत माणसाला मारणं. म्हणून कारण द्यावं लागलं. १९८१ साली बर्नाट, कल्व्हर आणि गर्ट यांनी ते दिलं: मेंदू हा देहाला एकसंध ठेवणारा अवयव, तो गेला की ‘एक जीव’ संपला, उरतात ते सुटे भाग. हे निखळ मेटाफिजिक्स आहे. पुढे १९९८ साली ॲलन श्यूमन या मेंदूतज्ज्ञाने अशी प्रकरणं गोळा करून दाखवली, ज्यांत मेंदूमृत्यूनंतरही देह महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षं एकसंध चालत राहिले. जखमा भरल्या, मुलांची वाढ झाली. कारण डळमळलं, आणि २००८ साली अमेरिकी अध्यक्षांच्या जैवनीतिशास्त्र परिषदेला नवं कारण शोधावं लागलं.

आता लकडीपूल, तुमच्या त्या दुपारकडे येते. पुतळा चेपला तर माती उरते, पुतळा उरत नाही. द्रव्य तेच, पण टिकण्याच्या अटी वेगळ्या. सिस्टरांच्या समोरच्या पलंगावर हाच प्रश्न आहे. देह टिकलाय. माणूस म्हणजे देहच असेल, तर बाबा अजून आहेत. माणूस देहाने घडलेला पण देहाहून वेगळा असेल, तर ते गेलेत. तत्त्वज्ञांपैकी एरिक ओल्सन पहिल्या बाजूचे: आपण प्राणी आहोत, बास. जेफ मॅकमहान दुसऱ्या बाजूचे: आपण म्हणजे जाणिवेचं केंद्र, म्हणून जीवाचा मृत्यू वेगळा आणि आपला वेगळा. दुसरी बाजू घेतली तर पुढचा प्रश्न आणखी अवघड होतो. परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर जाणीव हरपलेल्या अवस्थेत १९७३ पासून २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात होत्या. त्यांचा मेंदूमृत्यू झालेला नाही, हे न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलं होतं. मग दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्यांच्याबद्दल काय म्हणायचं? पुतळा-मातीची तयारी नसलेला नीतिशास्त्रज्ञ इथे अडखळणारच.

कसबा
सगळे तत्त्वज्ञ परदेशातलेच का? या महाराष्ट्रात मेटाफिजिक्सचा सर्वांत मोठा सामाजिक वापर जातीसाठी झाला. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो, मागच्या जन्मीचं कर्म बरोबर नेतो, म्हणून तू अमुक घरात जन्मलास! ही नीती कुठल्या पायावर उभी आहे ते बघा. बाबासाहेबांनी ते नेमकं हेरलं होतं. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी उघड विचारलंय: बुद्धाने आत्मा नाकारला, मग कर्म कसं आणि पुनर्जन्म कसा? समतेसाठी लढणाऱ्या माणसाला हा प्रश्न बाजूला ठेवता आला नाही. नुसत्या ‘सर्वांशी समानतेने वागा’ या उपदेशाने तो पाया हलला नसता.

जुनावाचक
कसबा, पुण्यातलंच एक उदाहरण देतो. १९८३ साली मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि इतर तत्त्वज्ञांनी इथे न्याय या भारतीय दर्शनाचे पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक समोरासमोर बसवले. विषय होता ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलची प्रपोझिशनची, म्हणजे विधानार्थाची कल्पना. याहून कोरडा विषय मिळणं कठीण. पण संवाद चालू राहिला, आणि त्याच वाटेवर पुढे पंडित बदरीनाथ शुक्ल यांनी न्यायदर्शनाच्या चौकटीतच देहात्मवाद मांडून दाखवला: वेगळा आत्मा न मानता देह आणि मन यांवर काम भागेल का? आयुष्यभर आत्मा सिद्ध करणारी परंपरा शिकवलेल्या पंडिताने हे करणं फार मोठी गोष्ट आहे. मला हे संशोधन आजही थरारक वाटतं. सिस्टरांच्या प्रश्नावर बोलायला आपल्याकडे घरचं भांडवल आहे, ते वाढवणारे अभ्यासक मात्र हवेत.

लकडीपूल
उत्तरं मनापासून वाचली. पण माझी मागणी मी सोडत नाही. बाबासाहेबांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते अन्यायापासून निघाले आणि आत्म्याच्या प्रश्नापर्यंत पोचले. चर्चासत्रात त्या दुपारी कुणीही पुतळ्यापासून निघून अतिदक्षता विभागापर्यंत आलं नाही, आणि तसं कुणाला वाटलंही नाही. म्हणून अट घाला. मेटाफिजिक्सच्या प्रत्येक संशोधन प्रस्तावात लिहिलेलं असावं, की हा कुणाचा प्रश्न आहे. ज्याला लिहिता येणार नाही, त्याने स्वतःच्या पैशाने करावं.

आन्वीक्षिकी
ही अट लावून बघू. तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांचं पुस्तक १९८४ सालचं. त्यात एक माणूस यंत्रातून मंगळावर पाठवला जातो, आणि एका मेंदूचे दोन भाग दोन देहांत बसवले जातात, आणि विचारलं जातं, की तो माणूस तोच राहतो का? हा कुणाचा प्रश्न? त्या वर्षी कुणाचाच नाही. मॅकमहान यांनी त्याच विचारांशी झगडत २००२ साली मृत्यूची मांडणी केली, आणि आज मेंदूमृत्यूवर बोलताना ती टाळता येत नाही. तुमची अट असती तर पार्फिटना पैसे मिळाले असते का?

रात्रपाळी
अट नको. पण चर्चासत्राचं बोलावणं आमच्याकडेही पाठवा. सुट्टी टाकून येईन.