चपलांचा ढीग बघून आले आणि तो डोक्यातून जातच नाहीये. इथली आर्ट कशी बघायची?

रोलावाली

नमस्कार मंडळी. आम्ही शारजात अकरा वर्षं राहतोय, रोलाच्या जवळच. एवढ्या वर्षांत आमचं फिरणं म्हणजे मॉल, कॉर्निश, आणि गावाकडून कोणी आलं की बुर्ज खलिफा नाहीतर डेझर्ट सफारी. गेल्या महिन्यात लेकीला (नववीत आहे) शाळेच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या गॅलरीतल्या एका कामावर लिहायचं होतं म्हणून दुबईला अल कूझमधल्या अल्सरकल अव्हेन्यूला गेलो. तिथे एका गॅलरीत जमिनीवर रबरी चपलांचा ढीग. आपण बाथरूमला वापरतो तसल्या साध्या, निळ्या, हिरव्या, लाल, तारेने एकमेकींना आवळून बांधलेल्या. हे म्हणाले अगं ह्या आपल्या खालच्या दुकानात दहा दिरहमला मिळतात. मला पण आधी तसंच वाटलं. मग जवळ जाऊन वाकून बघितलं तर तार सगळीकडे सारखी नाही, कुठे दोनच वेढे, कुठे पाचसहा, कुठे इतकी आवळलीये की रबरात रुतलीये आणि चप्पल मधोमध दुमडलीये. हाताने बांधलंय हे कळतं. लेक म्हणाली आई तू पंधरा मिनिटं इथेच उभी आहेस.

खाली नाव होतं हसन शरीफ. मला काहीच माहिती नाही ह्या माणसाबद्दल. कोणी सांगेल का?

दुसरं म्हणजे डिसेंबरमध्ये सासूसासरे येतायत पंढरपूरहून. सासरे झेडपीच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, एलिमेंटरी इंटरमिजिएटला शेकडो पोरं बसवली त्यांनी. फोनवर विचारत होते की दोह्यात हुसेनचं म्युझियम उघडलंय म्हणे, ते तुमच्यापासून किती लांब. त्यांना इथे काय काय दाखवू? गुडघ्यांचा त्रास आहे त्यामुळे फार चालणं नको.

आणि अजून एक विचारायचं होतं. त्याच दिवशी शेजारच्या एका गॅलरीत (नाव नाही घेत) काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की आम्ही दोन मिनिटांत बाहेर. विकत काही घ्यायचं नसेल तर आत गेलेलं चालतं का?

फ्रेमवाला_अलकूझ

ताई चालतं, अगदी बिनधास्त जायचं. मी इथे चौदा वर्षं गॅलऱ्यांची कामं करतोय, पॅकिंग, क्रेट बनवणं, चित्रं लावणं. दार उघडं आहे म्हणजे बघायला या, आणि त्याचे पैसे नाहीत. परत कोणी तसं बघितलं तर सरळ विचारायचं, हे काम कशाबद्दल आहे सांगाल का. माहिती सांगणं हे त्यांचं कामच आहे.

आता हसन शरीफ. १९५१ चा जन्म, २०१६ ला गेले. सत्तरच्या दशकात ते पेपर-मासिकांत व्यंगचित्रं काढायचे, मग लंडनला शिकायला गेले आणि १९८४ ला परत आले. तेव्हा इथे कंटेंपररी आर्ट म्हणून काही नव्हतंच म्हणा ना. ह्या माणसाने स्वतःच्या कामासोबत मुलांना शिकवलं, प्रदर्शनं मांडली, बाहेरच्या कलेवरचं लिखाण अरबीत आणून इथल्या पेपरात छापलं म्हणजे लोकांना निदान कळावं की हे काय चाललंय. मोहम्मद काझेम हे त्यांचेच विद्यार्थी, त्यांचं पण काम बघा. १९८३ साली दुबईच्या हट्टा भागातल्या उजाड माळावर ते नुसते चालले, उड्या मारल्या, त्याचे साधे फोटो काढून चिकटवले आणि काय केलं ते शेजारी लिहिलं. बस. तेच काम.

चपलांचं म्हणाल तर त्यांच्या डोळ्यांदेखत हा बाजार बदलला. तेल आलं, पैसा आला, आणि स्वस्त मालाचे डोंगर आले, चपला, प्लास्टिकचे मग, पातेली, दोरखंडाची भेंडोळी. ते बाजारातूनच हे सगळं घ्यायचे आणि बसून कापायचे, पिळायचे, बांधायचे, तासन् तास तीच क्रिया. फॅक्टरी जे एका मिनिटात शेकड्याने काढते त्यातल्या एकेका वस्तूला माणसाचा हात परत लावायचा. तुम्ही पंधरा मिनिटं उभ्या राहिलात ना, त्या वेढ्यांत किती वेळ गेलाय हे तुम्हाला दिसलं म्हणून राहिलात. मी एकदा त्यांचं दोरखंडाचं एक काम हलवलंय, चार जण लागलो होतो, आणि हातमोज्यांना दिवसभर सुंभाचा वास येत होता, आमच्या घरच्या माळ्यावर यायचा तसा. त्या दिवसापासून मला त्यांचं काम समजावून सांगायला कोणी लागलं नाही.

अल्सरकलमध्येच इशारा आर्ट फाउंडेशन आहे, २०१९ पासून, ते फक्त दक्षिण आशियातल्या कलेचं करतात. मास्तरांना तिथे नक्की न्या.

खाडीकाठचा

रोलावाली, तुम्ही रोलाला राहता म्हणजे तुम्हाला दुबईला जायची गरजच नाही! चालत दहा मिनिटांवर अल मुरैजा चौक आहे, शारजा आर्ट फाउंडेशनच्या गॅलऱ्या, जुन्या घरांच्या बोळांमधून पांढऱ्या इमारती घुसवल्यात आणि सगळं फुकट. शारजाची बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) १९९३ पासून चालू आहे, २००३ पासून शेखा हूर अल कासिमींनी ती हातात घेतली आणि तिथून तिचं रूपच बदललं. २०२५ ची सोळावी होती, पाच क्युरेटर, पाचही बायका, त्यात एक आपल्याकडच्या नताशा गिनवाला. पुढची २०२७ ला.

मला जे सांगायचंय ते वेगळंच. मी क्लिअरिंग फॉरवर्डिंगमध्ये आहे, शारजाच्या खाडीवर रोजचं येणंजाणं. तिथे लाकडी गलबतं लागतात, बरेच खलाशी कच्छचे, माल सोमालियाला जातो, टायर, तांदूळ, जुन्या गाड्या, कपाटं, काय वाट्टेल ते. २००९ च्या बिएनालेत मुंबईच्या कॅम्प नावाच्या ग्रुपने (शैना आनंद आणि अशोक सुकुमारन) ह्याच धक्क्यावर काम केलं. कुठलं गलबत काय माल घेऊन कुठे गेलं ह्याच्या नोंदींचं पुस्तक केलं आणि बंदरातच रेडिओ चालवला, त्यावर खलाशी स्वतः बोलायचे, गाणी लावायचे. मग पुढे काही वर्षांनी खलाशांनी आपापल्या मोबाईलवर काढलेल्या क्लिप्स जोडून अख्खा सिनेमा केला. मी तो बघितलाय. एका गलबतावरनं दुसऱ्या गलबताचं शूटिंग, लाटेत वरखाली होणारं, मागे खलाशाने स्वतः निवडलेलं गाणं. मी रोज ज्या मॅनिफेस्टवर, म्हणजे मालाच्या यादीवर, शिक्के मारतो, अमुक पेट्या, अमुक पोती, ते कागद पण आर्टमध्ये येतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि खरं सांगतो घशात आवंढा आला. आपल्या कामाची कोणीतरी दखल घेतली असं वाटलं.

स्पष्ट_बोलतो

सगळं छान चाललंय पण दुसरी बाजू पण लिहा. २०११ च्या बिएनालेत एका अल्जेरियन लेखक-कलावंताचं काम लोकांनी आक्षेप घेतल्यावर काढून टाकलं आणि फाउंडेशनचे डायरेक्टर जॅक परसेकियान ह्यांना घरी पाठवलं. त्याच वर्षी शंभरच्या वर कलावंतांनी जाहीर केलं की अबू धाबीच्या सादियात बेटावर गुगेनहाइम म्युझियम बांधणाऱ्या मजुरांना नीट वागवत नाही तोवर आम्ही तिथे काम देणार नाही. ते मजूर कोण, आपलेच ना, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळचे. आणि वर ज्यांचं एवढं कौतुक केलंय त्याच कॅम्पच्या अशोक सुकुमारनना २०१५ ला यूएईचा व्हिसा नाकारला, ते त्या मजुरांच्या मोहिमेत होते. लेबननचे कलावंत वालिद राद तर विमानतळावरूनच परत पाठवले. मी बांधकामात सुपरवायझर आहे, लेबर कॅम्प जवळून बघितलेत, एका खोलीत किती माणसं झोपतात ते मला माहितीये. त्यामुळे मला त्या पांढऱ्या भिंतींसमोर उभं राहिलं की ती भिंत कोणी उभी केली हेच आधी दिसतं.

फ्रेमवाला_अलकूझ

दादा, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. मी पण असल्याच खोलीतून सुरुवात केली, आम्ही आठ जण होतो. फक्त एक नाव घेतो, विक्रम दिवेचा, बैरूतमध्ये जन्मलेला, मुंबईत वाढलेला, नंतर दुबईत काम करत असलेला. तो रस्त्यावर पट्टे मारणारे, बागेतली झुडपं कापणारे, अशा लोकांना घेऊन काम करतो. २०१६ ला अल्सरकलमध्ये त्याला जागा मिळाली तर त्याने त्यात प्रदर्शन न लावता ती एका ट्रेडिंग कंपनीला माल ठेवायला दिली, आधी जसं ते सगळं गोडाऊनच होतं तसं. लोक येऊन खोकी उतरताना चढताना बघायचे. आम्ही खोकी उचलणारे मात्र तिथे बराच वेळ रेंगाळलो होतो. तुमचा प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही, पण तुमच्यासारखाच प्रश्न पडलेली माणसं त्या भिंतींच्या आत पण आहेत.

जेजेतला_जुना

मुलांनो, अरब जग म्हणजे नुसतं गल्फ नव्हे. बगदादमध्ये १९५१ सालीच शिल्पकार जवाद सलीम आणि मित्रांनी आधुनिक कलेचा ग्रुप काढला होता, म्हणजे आपल्याकडे मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला त्याच्या चारच वर्षांनी, आणि डोक्यातला प्रश्न पण तोच, आधुनिक व्हायचं पण आपली माती कशी धरून ठेवायची. बगदादच्या तहरीर चौकातलं स्वातंत्र्याचं स्मारक सलीम ह्यांचं, ते पूर्ण व्हायच्या आधीच १९६१ ला ते गेले.

पॅलेस्टाइनचे सुलेमान मन्सूर ह्यांचं १९७३ चं एक चित्र सगळ्यांनी शोधून बघा. एक म्हातारा हमाल, अनवाणी, कपाळावरून दोर घेतलेला, पाठीवर अख्खं जेरुसलेम, घुमटासकट. हमाल हा आपला शब्द अरबीतूनच आलाय त्यामुळे मला ते चित्र बघताना भाषांतर करावं लागलं नाही. त्या म्हाताऱ्याचे तळपाय बघा, शरीराच्या मानाने केवढे मोठे काढलेत, सगळं ओझं तिथे उतरलंय. पुढे १९८७ च्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावात, मन्सूर, वेरा तमारी, नबील अनानी, तैसीर बरकात ह्यांनी इस्रायली रंगांवर बहिष्कार घातला आणि चिखल, मेंदी, कॉफी, कातडं ह्यांनी चित्रं केली. मन्सूरांच्या मातीच्या चित्रांना वाळताना भेगा पडल्या, त्या त्यांनी बुजवल्या नाहीत.

चंद्रभागेची

मी दोह्यात राहते आणि माहेर पंढरपूर, म्हणून मला लिहायलाच पाहिजे. रोलावाली, तुमच्या सासऱ्यांना सांगा, हो, उघडलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये, एज्युकेशन सिटीत. नाव आहे 'लौह व कलम', म्हणजे पाटी आणि लेखणी. अरबी नाव पण मराठी माणसाला जवळजवळ तसंच्या तसं वाचता येतं, 'कलम' तर आपलंच, आणि मधला 'व' सुद्धा!

हुसेनसाहेब १९१५ चे, आमच्या पंढरपूरचे. आई ते अगदी तान्हे असताना गेली, तिचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही, आणि त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना चेहराच नाही. मग इंदूर, मग मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवणं, ते सगळं मास्तरांना पाठ असेल. २००६ मध्ये देश सोडला, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ ला लंडनमध्ये गेले. इमारत त्यांनीच काढलेल्या एका स्केचवरून केलीये, निळीशार, उन्हात लांबून डोळ्यात भरते. आत त्यांचं शेवटचं मोठं काम आहे, काचेचे घोडे आणि जुन्या गाड्या एकत्र गोल फिरतात. कतारसाठी अरब संस्कृतीवर ९९ चित्रं करायची होती, त्यातली तीसपस्तीसच झाली.

मी आईला व्हिडिओ कॉलवर एक चित्र दाखवलं तर ती म्हणाली, थांब, हलवू नकोस फोन, आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं की हे बघायला पंढरपूरच्या माणसाला समुद्र ओलांडावा लागतो. ते परत येऊ शकले नाहीत ह्याचं दुःख मला अजून आहे, आणि ते मी इथे मोकळेपणाने लिहिते.

दोहा शारजाहून विमानाने तासाभरावर आहे. आलात तर माझ्याकडेच उतरा, लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको.

रोलावाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी लेकीला घेऊन अल मुरैजाला जाऊन आले, अकरा वर्षं ज्या बोळाच्या तोंडाशी भाजी घेतली त्याच बोळातून आत. कोणीही अडवलं नाही. उलट दारावरचा मल्याळी गार्ड म्हणाला वरच्या मजल्यावर पण आहे, जा.

सासऱ्यांसाठी बेत असा, पहिल्या दिवशी मुरैजा, मग फ्लाइंग सॉसर, ती चांदणीसारखी गोल बिल्डिंग १९७८ ची आहे म्हणे, कधीकाळी सुपरमार्केट होती मग चिकनचं दुकान, आम्ही रोज गाडीतून बघतो पण आत कधी गेलो नव्हतो. मग रेन रूम. आत पाऊस पडत असतो आणि आपण हळू चाललो की डोक्यावरचा तेवढा थांबतो. सासूबाई म्हणाल्या आमच्याकडे पाऊस पडतच नाही आणि तुमच्याकडे पडतोय तो पण अंगावर येत नाही, पण येते मी. (तिकीट लागतं आणि गडद कपडे नकोत, सेन्सरला कळत नाहीत, कोणी जाणार असेल तर लक्षात ठेवा.) दोह्याचं ह्यांच्या सुट्टीवर आहे. चंद्रभागेची, तुम्हाला वेगळा मेसेज करते.

स्पष्ट_बोलतो दादा, तुमचं मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने प्रोजेक्टमध्ये एक परिच्छेद वाढवलाय, गॅलरीच्या भिंतीबद्दल.

आणि चपलांचा फोटो सासऱ्यांना पाठवला होता. मला वाटलं हसतील. दोन तासांनी फोन आला, म्हणाले तार तांब्याची आहे की लोखंडाची? लोखंडाची असेल तर गंजून रबरावर डाग उतरले असतील, तांब्याची असेल तर हिरवट पडली असेल, नीट बघून सांग. मी बघितलंच नव्हतं तसं. शनिवारी परत जातेय.