मदत हवी आहे: रेसिड्यू फील्ड्स फक्त एफ-२, एफ-३, एफ-५… अशी झीरो-डायमेन्शनल रिंग मिळेल का?

रंकाळाकाठ:
शनिवारी राजारामपुरीत आमच्या एम.एस्सी. गटापुढं हे मांडायचंय. झीरो-डायमेन्शनल म्हणजे जिथं प्रत्येक प्राइम आयडियल मॅक्सिमल असतं अशी कम्युटेटिव्ह रिंग; रिंगेला एकेका मॅक्सिमल आयडियलनं भागून मिळतात ती रेसिड्यू फील्ड्स; एफ-पी म्हणजे पी नं भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचं फील्ड. प्रत्येक मूळसंख्या पी साठी एफ-पी नेमकं एकदा यावं, बाकी एकही फील्ड नको. सगळ्या एफ-पींचा पूर्ण गुणाकार घेतला तर नॉन-प्रिन्सिपल अल्ट्राफिल्टरमुळं (मूळसंख्यांचे कुठले संच ‘मोठे’ धरायचे ते ठरवणारी, एकाच पी वर न टेकलेली निवड) कॅरेक्टरिस्टिक ० ची, म्हणजे १ कितीही वेळा मिळवला तरी ० न होणारी, फील्ड्स ढिगानं येतात. म्हणून पुढं जाऊन एकाच पूर्णांकावर स्थिरावणाऱ्या क्रमिकांचीच रिंग घेतली, तर डायमेन्शनच १ निघाली. चुकतंय कुठं?

बीजगणित_कट्टा:
भावा, मागणीच पुरी होणारी नाही. कॅरेक्टरिस्टिक ० चं एक तरी फील्ड राहणारच.

आधी निलपोटंट, म्हणजे ज्यांचा कुठला तरी घात ० होतो ते घटक, काढून टाक. रेसिड्यू फील्ड्स तीच राहतात आणि रिंग व्हॉन नॉयमन रेग्युलर होते (प्रत्येक ए साठी ए = ए-वर्ग × बी असा बी सापडतो). आता पी नं तयार होणारं आयडियल एका आयडेम्पोटंटनं (ज्याचा वर्ग तोच राहतो अशा घटकानं) तयार होतं. तो १ मधून वजा कर, उरलेल्याला ई-पी म्हण. ज्या मॅक्सिमल आयडियलच्या फील्डची कॅरेक्टरिस्टिक पी, तिथं ई-पी १ असतो, बाकी सगळीकडं ०. सगळे ई-पी मिळून अख्खी रिंग तयार झाली असती, तर १ हा मोजक्याच ई-पींतून लिहिता आला असता. म्हणजे कॅरेक्टरिस्टिक्सही मोजक्याच. तुला तर अनंत हव्यात. तेव्हा हे सगळे ई-पी पोटात घेणारं मॅक्सिमल आयडियल असणारच, आणि तिथं कुठलीच मूळसंख्या शून्य होत नाही.

पण आगाऊ फील्ड एकावर आणता येतं. तुझ्या रिंगेत पूर्णांकाऐवजी परिमेय संख्या घे: मोजक्या जागा सोडून बाकी सगळीकडं एकाच परिमेय संख्येचं मॉड पी रूप. १/६ ची क्रमिका बघ: पी = २, ३ ला भागच जात नाही, तिथं ० ठेव; ५ ला १, ७ ला ६, ११ ला २, १३ ला ११. पूर्णांकांच्या रिंगेत ६ चा हा गुणाकार-व्यस्तच नव्हता. मोजक्या जागी शून्येतर असणाऱ्या क्रमिकांनी भागलं की तिथं झेड (पूर्णांक) उरतो, इथं क्यू (परिमेय संख्या). म्हणून रेसिड्यू फील्ड्स: सगळी एफ-पी आणि एकच क्यू.

रंकाळाकाठ:
लई भारी! मग क्यू च्या जागी क्यू(आय), म्हणजे −१ चं वर्गमूळ आय मिळवलेलं क्यू, बसवता येईल का?

बीजगणित_कट्टा:
एफ-पी एकेकदाच आणि कॅरेक्टरिस्टिक ० चं फील्ड एकच, असं असेल तर नाही. आय ला रिंगेतला एक्स दे. एक्स-वर्ग अधिक १ त्या बिंदूवर (म्हणजे त्या मॅक्सिमल आयडियलपाशी) शून्य, तर त्याभोवतीच्या क्लोपन (एकाच वेळी ओपन आणि क्लोज्ड) भागातही शून्य. त्या भागाबाहेर मोजकेच पी उरतात, नाहीतर वरच्याच युक्तिवादानं बाहेरही कॅरेक्टरिस्टिक ० चा बिंदू आला असता. पण ३, ७, ११, १९… अशा अनंत पींत −१ चं वर्गमूळच नाही.

पूर्ण गुणाकारात मात्र ४ नं भागून १ उरणाऱ्या पींचा संच ज्या अल्ट्राफिल्टरमध्ये आहे, तिथं आय मिळतो. तिथं फील्ड मात्र अगणनीय येतं.

आणि शनिवारी कुणी झेड मॉड २, ४, ८, १६… यांचा गुणाकार पुढं केला तर थांबव. प्रत्येक घटक झीरो-डायमेन्शनल आहे, पण (२, २, २, …) निलपोटंट नाही, कारण घात जागेगणिक वाढत जातो. त्या गुणाकाराची डायमेन्शन अनंत असते.