आईचा जुना ड्रेस तुमच्या अंगात गेला का? (अनुभव धागा)

रानजाई

भाचीच्या कॉलेजात पुढच्या आठवड्यात रेट्रो डे आहे. "आजीचं काहीतरी दे ना" म्हणून डोकं खाल्लं, तेव्हा कुठे आईच्या पत्र्याच्या ट्रंकेचा मुहूर्त लागला. त्यात आईचा ड्रेस निघाला. मोतिया रंगाचा टेरिकॉट, गळ्याला बो, कमरेला त्याच कापडाचा पट्टा, पाठीला धातूची चेन. 1969 चा, तिच्या लग्नाआधीचा. आजोबा सरकारी प्रेसमध्ये (छापखान्यात), क्वार्टर नाशिकरोडला, शेजारीपाजारी सगळ्या प्रांतांतले लोक, म्हणून घरात ड्रेसला मोकळीक होती. पंचवटीत सासरी आल्यावर तो ट्रंकेत गेला तो गेलाच.

मला तो ड्रेस घालून कोणाकडे तरी निघालेली आई आठवते असं वाटायचं. पण माझा जन्मच नंतरचा, म्हणजे फोटोतलंच आठवत असणार.

असो. भाची 19 वर्षांची, सडपातळ, रोइंग करते. कमरेत ड्रेस बसला, अगदी बेतात पण बसला. पाठीत मात्र चेन अर्ध्यावर येऊन थांबली, वर चार बोटांची फट. पोरगी रडवेली, "मी जाड आहे का?" आई पलंगावरून म्हणाली, "तू वल्हं मारतेस, मी लाटणं मारायचे. पाठ सारखी कशी होईल?"

तेव्हापासून विचारायचं होतं. आई, आजी, सासूबाई, मावशी, कोणाचेही जुने कपडे घालून बघितलेत का? कुठे अडकलं? लिहा बिनधास्त.

जुईली७

मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा!!! सगळं तिथेच अडकतं.

जुईली७

(कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते)

देवळालीकर

आमच्या कॅम्पातल्या बंगल्यात शेजारी एक कॅथलिक आजी होत्या, त्या स्वतः फ्रॉक शिवायच्या. परदेशातून कोणीतरी पाठवलेली कागदी पॅटर्न्स होती त्यांच्याकडे, इस्त्री करून ठेवलेली. जाताना त्यांनी मला एक निळा ठिपक्यांचा दिला. त्याला चेन मागे नाही, डाव्या बगलेखाली, जेमतेम वीतभर. म्हणजे तो डोक्यावरूनच घालायचा. घातला. हात वर, डोकं आत, आणि कंबरेचा भाग खांद्यावर येऊन फसला. ना वर ना खाली. घरात फक्त सासरे. आवाज तरी कसा द्यायचा?

जाऊबाई भाजी घेऊन आल्या तोवर मी तशीच मोरीच्या दाराशी उभी, आतून सगळं निळं दिसतंय. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग ओढलं.

चिवडा_विथ_कांदा

@देवळालीकर मेले हसून. सासऱ्यांना कळलं का?

देवळालीकर

त्यांनी दिवाणखान्यात रेडिओ मोठा केला. सज्जन माणूस.

टाचणी

मी इंदिरानगरला शिवणकाम करते, रोज हेच ऐकते, म्हणून जरा लांबलचक लिहिते, माफी.

रानजाई, भाचीला सांगा, कापड लहान नाहीये, कटिंग वेगळं आहे. त्या काळच्या ड्रेसचा मुंढा वर, बगलेला चिकटून कापलेला असायचा आणि बाही अरुंद. तसा मुंढा वाईट नसतो बरं का, हात वर केला तरी सगळा ड्रेस वर ओढला जात नाही. पण ज्या मुलीचे खांदे-दंड व्यायामाने भरलेत तिला तो काचणारच. रोइंगवाल्या मुलीची पाठ मापाला घेतली की छातीपेक्षा पाठीचाच इंच जास्त भरतो.

दुसरं, कंबर. जुन्या ड्रेसची कंबर बेंबीच्या वर, बरगडी संपते तिथे असते. आजच्या मुली जीन्सचं बटण लागतं त्याला कंबर म्हणतात. मग ड्रेस घातला की पट्टा वर चढल्यासारखा वाटतो आणि त्या तो खाली ओढत बसतात. ओढू नका, तो तिथेच असतो.

तिसरं, छातीचे टक्स, म्हणजे उभारासाठी आतून शिवलेल्या चुण्या. 1947 साली पॅरिसमध्ये डिओरने बारीक कंबर आणि घेरदार स्कर्टची फॅशन आणली. त्यानंतर दहाएक वर्षं तिकडचे ड्रेस आतल्या कपड्यांवर बेतून शिवले जायचे. पोट-कंबर आवळणारं गर्डल आणि टोकदार ब्रा, त्यावर ड्रेस. आपल्याकडे गर्डल कोण घालतंय, पण मासिकांतली चित्रं बघून टक्स मात्र तसेच उंच, टोकदार घातले जायचे. आजच्या गोल ब्रावर त्या टक्साचं टोक भलतीकडेच येतं आणि तिथे रिकामं कापड फुगतं. बाई म्हणते मला सैल होतोय, आणि त्याच वेळी बगलेत घट्ट होतोय. दोन्ही खरं असतं.

आणि लायक्रा. 1958 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत तो ताणणारा धागा शोधला, आज लेगिंगपासून कुर्तीपर्यंत सगळ्यात आहे. आपल्या अंगाला ताणाची इतकी सवय झालीय की न ताणणारं कापड घातलं की आपणच वाढलोय असं वाटतं.

कावेरी_सिडको

टाचणीताई, हे सगळं ठीक. पण माझी एक थिअरी आहे. आईचे जे कपडे तिला नीट बसायचे ते आपल्यापर्यंत आलेच नाहीत! ते तिने घातले, विटले, मग बोहारणीला देऊन पातेलं घेतलं, नाहीतर गोधडीत गेले, नाहीतर फरशी पुसायला. ट्रंकेत काय उरलं? जे लग्नानंतर वर्षभरात होईनासं झालं ते. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीचं. आपण चाळिशीत दोन बाळंतपणांनंतर तिच्या अठराव्या वर्षाशी तुलना करतोय. तिच्या चाळिशीचा गाऊन आहे का कोणाकडे? नाही. त्याची धुणी-भांडी झाली.

माझ्याकडे आईचं एक ब्लाउज आहे, टू बाय टू रुबियाचं, तिच्या पंचेचाळिशीतलं. मला ढगळ होतं.

जुईली७

कावेरी, हे एकदम पटलं!! आमच्याकडे सासूबाईंचा शालू आहे, त्यावरचं पोलकं तर बाहुलीचं वाटतं. त्यांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. आता कळलं.

सातासमुद्रापार

मूळची गंगापूर रोडची, सध्या अमेरिकेत. इथे जुन्या ड्रेसचा मोठा बाजार आहे, आणि इथला गोंधळ वेगळाच. लेबलवर 12 लिहिलेलं असतं, मी घरी 8 घालते, म्हटलं आरामात होईल. मांडीवरून वरच गेला नाही.

मग वाचलं. 1939-40 मध्ये इथल्या शेती खात्याने जवळपास 15 हजार बायकांची मापं घेतली होती, एकेकीची 59. (शेती खातं! कारण कापूस असावा, मला वाटतं.) फक्त गोऱ्या बायकांची, ते वेगळंच. त्यावरून 1958 मध्ये सरकारी साइझ ठरले. त्यात 8 नंबर म्हणजे छाती 31 इंच, कंबर साडेतेवीस! आताचा 8 नंबर त्याच्यापेक्षा पाच-सहा इंचांनी मोठा. 1983 मध्ये तो सरकारी नियमच रद्द झाला, त्यानंतर ज्याचं त्याचं माप. गिऱ्हाइकाला बारीक वाटावं म्हणून कंपन्यांनी आकडा तोच ठेवून कापड वाढवत नेलं. म्हणून जुनं लेबल बघूच नका, टेप घेऊन ड्रेस मोजा. छाती, कंबर, पाठ, दंडाचा घेर. आपल्याला नीट बसणारा एखादा ड्रेस शेजारी पसरून ताडा.

टाचणी

@सातासमुद्रापार अगदी. आणि सपाट ठेवून मोजलेलं दुप्पट करायला विसरतात लोक. आपल्याकडेही निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने 25 हजार लोकांची मापं सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने घ्यायचा प्रकल्प काढला होता, भारतीय साइझ ठरवायला. आपण अजूनही अमेरिकेचा नाहीतर इंग्लंडचा एम-एल वापरतोय. नाशिकच्या बाईचा एम असा नसतोच.

अडगळ

पुरुषांनी लिहिलं तर चालेल का? बाबांची बेलबॉटम पॅंट. मांडीला घट्ट, पायाशी तंबू. मुलाने बघून विचारलं, "आजोबा पाणी भरायचे का यात?"

चिवडा_विथ_कांदा

@अडगळ बाबांचा सफारी असेल तर वेगळा धागा काढा, इथे आम्ही मुंढ्यात अडकलोय.

वावरातली

सिन्नर तालुक्यातली मी. सगळ्याजणी म्हणता, आई किती बारीक होती. माझ्या आईची कंबर बारीक होती कारण 1972 चा दुष्काळ. ती तेव्हा पंधराची. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्या मिलोच्या भाकरी थापल्या तरी चिरायच्या. तिचं लग्नातलं हिरवं पोलकं माझ्याकडे आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला ते दंडात होत नाही. मला त्याचं वाईट नाही वाटलं, बरंच वाटलं.

आई म्हणते ते पोलकंसुद्धा मापाचं नव्हतं, मावशीचं होतं, आत दाबून दिलेलं. आत अजून कापड आहे दोन्हीकडे.

रानजाई

वावरातली, काय बोलावं. आईंना नमस्कार सांग.

कावेरी_सिडको

+1. माझी आजी म्हणायची, तेव्हाच्या फोटोत सगळेच बारीक, सावकार सोडून.

वावरातली

सांगते. आत्ता ती टीव्ही बघतेय, मालिका चालू असताना नमस्कार पोचत नाही.

टाचणी

दाबलेल्या कापडावरून आठवलं. जुन्या शिंप्यांचं हेच वैशिष्ट्य, कापड वाया घालवायचे नाहीत, शिवणीत इंचभर ठेवायचे. बाजूची शिवण उसवा. पुढचा-मागचा, दोन्ही बाजू धरून चार पदर, थोडं शिवणीला ठेवलं तरी अडीच-तीन इंच सुटतात. आजच्या रेडीमेडला ओव्हरलॉक मारून चिंधीएवढं ठेवतात, तिथे काहीच सुटत नाही. फक्त सुटलेली पट्टी गडद निघते, बाकीचा ड्रेस विटलेला असतो, आणि जुन्या टिपेची भोकं दिसतात. त्यावर वरून लेस किंवा पायपिन लावून टाका.

मुंढ्यात मात्र आत कापड नसतं. तिथे बगलेत चौकोनी कळी घालायची, ड्रेसच्या पट्ट्यातून किंवा खालच्या दुमडीतून कापड काढून. हात खाली असला तर कोणाला दिसत नाही.

रानजाई, तुमच्या टेरिकॉटला हे चालेल. रेशमी असेल तर आधी बघा. घडीवर चिरत चाललं असेल तर हात लावू नका. काही जुनं परदेशी रेशीम वजन वाढवायला धातूचे क्षार घालून विकायचे, ते दिसायला धडधाकट असतं आणि टाचणी लावली की तिथून फाटत जातं.

चिवडा_विथ_कांदा

ती किम कार्दाशियन बाई नाही का, 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गाला सोहळ्याला मेरिलिन मनरोचा 1962 चा ड्रेस घालून गेली. 2016 च्या लिलावात 48 लाख डॉलरला गेलेला! तीन आठवड्यांत सोळा पाउंड वजन उतरवलं, तरी मागून लागला नाही, वर पांढरी फर टाकून झाकलं. जगातले महागडे शिंपी हाताशी असून पाठीतच अडकलं तिलापण. रानजाई, भाचीला हे दाखव.

रानजाई

दाखवलं! आता ती फर मागतेय.

जुईली७

आले. वरण-भात झाला. तर माझं असं की सासूबाईंचा ड्रेस नाही, त्या कायम पाचवारीत, पण नणंदेची 1975 ची मॅक्सी आहे. लांबीच पुरत नाही, घोट्याच्या वर येते आणि शाळेचा युनिफॉर्म वाटतो. मी पाच फूट पाच, नणंद पाच फूट. आमच्या घरात प्रत्येक पिढी उंच. आजीला मी कडेवर घेऊ शकले असते.

सातासमुद्रापार

@जुईली७ हे तुमच्याच घरचं नाही. शंभर वर्षांत भारतातल्या बायकांची सरासरी उंची साधारण पाच सेंटिमीटरनी वाढलीय. उंची वाढली की पाठीची लांबीही वाढते, म्हणून पट्टा वर चढतो.

अडगळ

डांबराच्या गोळ्यांचा वास कसा घालवायचा? बाबांच्या पॅंटला अजून येतोय.

कावेरी_सिडको

सावलीत वाऱ्यावर टाका, उन्हात नको, रंग उडतो. आमच्याकडे वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवतात ट्रंकेत, गोळ्या कधीच नाहीत.

अडगळ

बाल्कनीत टाकली तर खालच्या मजल्यावरचे विचारतील, दोन माणसांची आहे का.

देवळालीकर

टाचणीताई, तो निळा ठिपक्यांचा आणू का? बगलेची चेन काढून मागे लावून द्याल? आणि सोबत दिवाळीचे दोन ब्लाउज. कटोरी, अस्तरासकट.

टाचणी

चेन मागे नाही लावता येणार, पाठ अख्खी एकाच कापडाची असेल, मध्ये कापावी लागेल. बाजूचीच वाढवू, पार कुल्ल्यापर्यंत, म्हणजे खालून पाय घालून चढवता येईल. ड्रेस आणा.

ब्लाउज गणपतीपासूनच घेणं बंद केलंय.

देवळालीकर

अहो फक्त दोन!

टाचणी

तुळशीच्या लग्नाला देते.