‘स्क्रॅचबिल्डिंग’ला मराठीत काय म्हणावं?

रूळकरी
मॉडेल रेल्वेच्या मांडणीसाठी लाकडात छोट्या इमारती कशा करायच्या, यावर मराठीत एक माहितीपत्रक लिहायचं आहे. ‘किट’ तसंच ठेवलं तरी चालेल, गाडं अडलंय ते ‘स्क्रॅचबिल्डिंग’वर. म्हणजे तयार संच न आणता कोऱ्या फळ्या-पट्ट्या घेऊन, मापं स्वतः काढून इमारत उभी करणं. कोरीव काम, हस्तनिर्मिती, शून्यातून निर्मिती, तिन्ही खटकतात. आणि ‘स्केल’ला प्रमाण म्हणावं की पट?

करवतकाठी
‘कोरीव’ आधी बाद करा. कोरणं म्हणजे अखंड ठोकळ्यातून नको तेवढं काढून टाकणं. इथे तुकड्याला तुकडा लावत जायचं असतं. ‘शून्यातून निर्मिती’ हा सत्कार समारंभातला शब्द, तो तिथेच असू दे.
‘हातबांधणी’ कसं वाटतं? हातमाग आहे, शिवाजीनगरच्या संस्थेमुळे ‘हातकागद’ही पुणेकरांना सवयीचा आहे. त्याच वळणावर.

गुण्या
हातबांधणी कानाला बरं वाटतं, पण नेमका फरक सांगत नाही. किटसुद्धा हातानेच जोडतात. प्रश्न कापलं कोणी हा आहे. किटमधल्या भिंती कारखान्यात लेझरने कापून आलेल्या असतात, आपण फक्त *जुळणी* करतो. दुसऱ्या प्रकारात माप काढणं, कुठून किती कापायचं ते ठरवणं आणि कापणं हे सगळं आपल्याकडे. या तिन्हींना मिळून मराठीत एक क्रियापद आधीपासून आहे : बेतणे. शिंपी कापड बेततो तेव्हा माप, धाग्याची दिशा आणि शिवणीची माया एकदम धरतो. लाकडातही नेमकं तेच करावं लागतं, म्हणून हा शब्द नुसता गोड नाही, कामाचा आहे.

उदाहरण घ्या. स्टेशनमास्तरची खोली, बाहेरून २० × १४ फूट. एचओ मापात (मॉडेल रेल्वेचं एक माप, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं) फुटाला ३.५ मिमी, म्हणजे ७० × ४९ मिमी. भिंतीचं लाकूड २ मिमी जाड. पुढची-मागची भिंत ७० मिमी. बाजूच्या भिंती त्या दोघींच्या मध्ये बसणार, म्हणून ४९ वजा ४, म्हणजे ४५ मिमी. कापडात माया वाढवायची, इथे कमी करायची, एवढाच फरक. हे विसरून बाजू ४९ च्या कापल्या तर पेटी ५३ मिमी खोल होते. ते ४ मिमी खऱ्या मापात फुटाहून जास्त भरतात, आणि आधी कापलेलं छप्पर तोकडं पडतं, वळचण दोन्हीकडे दोन-दोन मिमी कमी उरते.

धाग्याचंही तसंच. लाकूड दमटपणात रेषांना, म्हणजे त्याच्या तंतूंना, आडवं फुगतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. जुलैत पुण्याच्या हवेत पातळ भिंत पन्हळीसारखी वाकते ती यामुळे. आतल्या कोपऱ्यांत ३ × ३ मिमीच्या पट्ट्या उभ्या लावायच्या, आणि लांब भिंतीच्या आतून मधोमध आणखी एक, बाहेरच्या रेषांना आडवी जाईल अशी.

सदाशिवी
बेतण्याला विरोध नाही, पण ‘जिवावर बेतणे’ विसरू नका. मॉडेलच्या चाकूचं टोकदार ११ नंबरचं पातं एका दमात आरपार ओढायला गेलात तर बोटावर बेतेल. स्टीलची पट्टी धरून पाच-सहा हलके हात फिरवायचे. जोर लावला की पातं रेषेबरोबर भरकटतं, आणि बाल्सासारखं मऊ लाकूड असेल तर कडा चेपून लव निघते. (अवांतर : वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बाल्सा ‘कठीण लाकडा’त मोडतो. नखाने खळगा पडतो, तरी.)

माझा आक्षेप नामाला आहे. ‘बेतबांधणी’ वगैरे समास करू नका, सरकारी कोशातून पडल्यासारखा वाटतो. ‘बेतून बांधलेली इमारत’ आणि ‘किट जुळवलेली इमारत’, बास.

स्केलबद्दल : ‘सत्त्याऐंशीपट लहान’ लिहिलंत की कोणीतरी क्षेत्रफळ काढून वाद घालणार. गवंडी सिमेंट-वाळू ‘एकास सहा’ म्हणतो, तसं ‘एकास सत्त्याऐंशी’ म्हणा. पट नको, प्रमाणही दरवेळी नको. एचओ म्हणजे ‘हाफ ओ’. ब्रिटिश ओ मापात फुटाला ७ मिमी, त्याचं निम्मं ३.५.

रूळकरी
मग ‘गेज’? बरेच जण स्केल आणि गेज एकच समजतात.

सदाशिवी
गेज हे गेजच ठेवा, ब्रॉडगेज-मीटरगेज आजीलाही कळतं. फक्त फरक आकड्यांनी दाखवा. एचओचा रूळ (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. तो १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा एकास सत्त्याऐंशी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला १९.३ मिमी लागेल. आता कोणी १६.५ ला ब्रॉडगेज मानून इमारतीची मापं त्यावरून काढली, तर इमारत एकास एकशे दोनच्या आसपास होते. सात फुटी दार २४.५ ऐवजी २१ मिमी. दुकानात मिळणारा एचओ मापाचा सहा फुटी माणूसही एकवीसच मिमीचा. बिचाऱ्याचं डोकं चौकटीला टेकणार.

करवतकाठी
पटलं, हातबांधणी मागे घेते.
‘स्टेन’ला काय लिहिणार? ‘डाग’ नको. सुतार म्हणतात ‘लाकूड रंग पितं’, ते वापरा, कारण त्यात कृतीचा क्रमही येतो. फेव्हिकॉल लागलेली जागा रंग पीत नाही, मग सांध्यापाशी पांढुरके ठिपके राहतात आणि नंतर काही केलं तरी जात नाहीत. म्हणून आधी रंग पाजायचा, मग चिकटवायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडी वॉटरप्रूफ काळी शाई, दोन्ही बाजूंना, आणि सुकेपर्यंत वजनाखाली. पाण्यात कालवलं तर लाकूड जास्त वाकतं. एकाच बाजूला लावलं तरी वाकतं.

रूळकरी
उत्तम. आता फलाटाच्या छपराला कडेने खाली लोंबणारी दातेरी फळ्यांची पट्टी असते, तिला?

गुण्या
झालर. छपराचे बाकीचे शब्द वाड्यातून जसेच्या तसे उचला : वरची कड आढं, दोन उतार म्हणजे पाखी, भिंतीबाहेरचा भाग वळचण, आतला त्रिकोणी सांगाडा कैची.

झालरीवर दोन ओळी जास्त लिहा, तिथेच लोक हरतात. खऱ्या ९ इंची फळीची उंची २.६ मिमी, ४ इंच रुंदी १.२ मिमी. एकेक फळी कापण्यात अर्थ नाही. ०.५ मिमी सागाच्या व्हिनिअरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) २.६ मिमीच्या पट्ट्या घ्यायच्या, *रेषा उभ्या येतील* अशा कापलेल्या. रेषा आडव्या असतील तर कानस लागताच प्रत्येक दात मुळापासून गळतो. पट्ट्यांना रंग पाजून सुकल्यावर पातळ चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात, म्हणजे तंतू धरून राहतात. मग पाच पट्ट्या एकावर एक ठेवून मास्किंग टेपने आवळायच्या आणि बारीक तिकोनी कानशीने १.२ मिमीवर खाचा पाडायच्या. कानस ढकलतानाच दाबायची. ओढताना दाब दिला की कडेच्या पट्टीची दाती उपटतात. दोन खाचांमध्ये फळीच्या सांध्याची रेघ पात्याने नुसती ओढायची, कापायची नाही.

सदाशिवी
‘दाती’ नाही, ‘दाते’. करवतीचे दाते.

गुण्या
दाते. मान्य.

सदाशिवी
आणि माहितीपत्रकाच्या मथळ्यात ‘लाकडी इमारती’ आहे, ते बदला. आपल्याकडची बरीच जुनी स्टेशनं काळ्या दगडाची, वर मंगलोरी कौलं. मॉडेल लाकडात केलं तरी इमारत दगडीच राहते. ‘लाकडी इमारत’ म्हणजे मुळातच लाकडाची. तुम्हाला म्हणायचंय ‘लाकडात केलेली’. ‘इमारती लाकूड’ तर त्याहून वेगळं, ते वखारीत मिळतं आणि एकास सत्त्याऐंशीला काडीचा उपयोग नाही.

रूळकरी
मथळा : ‘लाकडात बेतलेली स्टेशनं’. ‘कानशी’ला ऱ्हस्व की दीर्घ?

सदाशिवी
शब्द ‘कानस’. विभक्ती लागली की ‘कानशीने’, शी दीर्घ.