मदत हवी आहे: जुनी पेटी १३ समान पायऱ्यांत लावायची आहे, सूर घासू की हलवू?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. घरात वडिलांची भजनाची पेटी आहे, ३९ पट्ट्यांची, खर्ज-नर, म्हणजे सुरांचे (आतल्या पितळी पातींचे) दोन संच, खर्ज खालचा आणि नर वरचा. तिचा नर सूर बोलेन-पिअर्स पद्धतीने लावायचा आहे.

आपल्या पेटीत सा ते वरचा सा ही दुप्पट बारा सारख्या पायऱ्यांत वाटलेली असते. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या १.०५९५ पट, म्हणजे भूमिती श्रेढीच. बोलेन-पिअर्समध्ये दुपटीऐवजी तिप्पट घेतात, सा ते तार पंचम, आणि तिच्या १३ पायऱ्या करतात. एक पायरी १४६.३ सेंटची (नेहमीच्या पेटीची एक पायरी १०० सेंटची). वरचा सा त्यात येतच नाही. आठव्या पायरीवर तो जवळजवळ ३० सेंट उतरलेला लागतो. पण सा, सहावी आणि दहावी पायरी एकदम दाबली की ३:५:७ हे प्रमाण सात सेंटच्या आत जुळतं. रोजच्या पेटीचा गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, हे लक्षात घ्या. संगणकावर तो मेळ ऐकला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

अडचण अशी. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढं येतं. एका जादा सुरावर करून बघितलं. एक स्वर उतरवेपर्यंत आवाज पार पातळ झाला आणि तिसऱ्या दिवशी पात मुळातून मोडली. मधली पट्टी सा धरली तर तिच्यापासून तेराव्या पट्टीवर फरक ६०० सेंटच्या वर जातो, तिथे कानस काय करणार? म्हणून सूर पट्टीवरून पट्टीवर हलवायचे ठरवलंय. मग कुठलाच सूर ५० सेंटपेक्षा जास्त घासावा लागत नाही. आहे त्या सुरांत २७ पट्ट्या भरतील, बाकी १२ मुक्या राहतील. ते चालेल.

पण वरच्या सुरांच्या चौकटी आखूड, खालच्यांच्या लांब. सूरपाटाची, म्हणजे सूर बसतात त्या फळीची, भोकं त्याच मापाने कापलेली. लांब भोकावर आखूड चौकट बसवताना खाली काय द्यावं, चामडं की लाकडी पट्टी? हवा गळणार नाही ना?

दुसरं, खर्ज आहे तसाच ठेवायचाय, एकादशीचं भजन थांबायला नको. नर सुराची हवा वेगळी बंद करायला आतून झडप बसवता येते का? पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात पेटी जाणणारे कमी नाहीत, पण आमचे मेस्त्री म्हणाले, "सा ला सा मिळत नाही, ती पेटी मी उघडणार नाही ओ." त्यांचंही बरोबर आहे.

कुणी स्वतः सूर हलवलेत का? सूरपाटाचे फोटो आणि भोकांची मापं उद्या टाकतो.