घामट हातांमुळे गिटारच्या तारा पंधरा दिवसांत गंजतात, काय करावे?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. मी येथील एका पतसंस्थेत नोकरीला असून गेल्या दीड वर्षापासून रोज सायंकाळी घरी तासभर अकूस्टिक गिटार वाजवतो. नवीन तारा चढवल्या की पहिले आठ दिवस त्या छान झणझणतात; दहाव्या दिवशी पहिल्या दोन बारीक तारांवर, म्हणजे ई आणि बी यांच्यावर, तपकिरी ठिपके दिसू लागतात आणि पंधराव्या दिवशी बोट सरकवले की किसणीवरून सरकवल्यासारखे वाटते. वाजवून उठल्यावर बोटांची टोके काळी झालेली असतात आणि हाताला जुन्या नाण्यांसारखा वास येतो. माझ्या तळहातांना लहानपणापासून फार घाम येतो. शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवल्याशिवाय उत्तरपत्रिका कोरडी राहत नसे.

मला कोडे पडले आहे ते वेगळेच. गेल्या पावसाळ्यात याच गिटारवर याच प्रतीच्या तारा जवळजवळ महिनाभर टिकल्या होत्या. आता मे महिन्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया एका दिवसात खडखडीत वाळत असताना तारा मात्र पंधरा दिवसही तग धरत नाहीत. कोरड्या हवेत गंज कमी चढायला हवा ना?

आतापर्यंत केलेले उपाय असे : हाताला टाल्कम पावडर लावून पाहिली, तर जाड तारांच्या वेटोळ्यांत पांढरा लगदा साचला. सगळ्या तारांना खोबरेल तेल चोळले, तर आवाज बसला. दुकानदाराच्या सांगण्यावरून दुप्पट किमतीच्या तारा घेतल्या, त्याही सोळाव्या दिवशी तशाच झाल्या. आता तो म्हणतो की बारीक पॉलिश पेपरने तारा घासून घ्या. तसे करण्यापूर्वी जाणकारांना विचारावे म्हणून लिहीत आहे.

गोदातीर, नांदेड

मी गिटार वाजवत नाही. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझी मुलगी गिटार वाजवते, त्यामुळे हा प्रश्न घरचाच आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू या. आपल्या गिटारच्या पहिल्या दोन तारा पोलादाच्या सरळ तारा असतात आणि त्यांच्यावर कथलाचा अतिशय पातळ थर असतो, म्हणजे एका अर्थी त्यांना कल्हईच केलेली असते. उरलेल्या चार तारांच्या गाभ्यात पोलाद असते, परंतु वर ब्राँझचे वेटोळे असते आणि त्यात मुख्यतः तांबे असते. ब्राँझला तांबडा गंज चढत नाही. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर ते जसे कळकते, तसे ब्राँझ कळकते, काळवंडते आणि कधी हिरवट होते. आपल्या बोटांवरचा काळेपणा बहुधा तेथूनच येत असावा. खरा गंज फक्त बारीक तारांवर दिसतो, कारण उघडे पडलेले लोखंड तेथेच असते.

आता कल्हईचा मुद्दा. कथील लोखंडाचे रक्षण करते ते फक्त थर अखंड असेपर्यंत. फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) घासून किंवा पिकच्या, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या पत्रीच्या, टोकाने तो थर एका जागी फाटला की परिस्थिती उलटते, कारण कथील व लोखंड ओलाव्यात एकत्र आले म्हणजे त्या जोडीत झिजण्याचे काम लोखंडाकडे येते आणि ओरखड्याच्या जागी गंज अधिक वेगाने धरतो. त्यामुळे पॉलिश पेपरचा सल्ला मुळीच मानू नका. जो थर वाचवायचा आहे तोच आपण आपल्या हाताने खरवडून काढाल.

घामात जवळजवळ सगळे पाणीच असते. उरलेल्या अल्प भागात मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया असतो. पाणी उडून जाते आणि मीठ तारेवर राहते. हे मीठच मुख्य आरोपी आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळते, जसे पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरू लागते. तारेवर असा खारट थेंब बसला की आपण झोपेत असतानाही गंजण्याचे काम चालू राहते. त्याहून कोरड्या हवेत तोच कण बराच निरुपद्रवी असतो.

म्हणूनच आपल्या मे महिन्याच्या कोड्याबद्दल मला एक शंका येते. बाहेर हवा कोरडी आहे हे खरे, पण गिटार बाहेर नसते. आपल्या खोलीत कूलर आहे का, आणि गिटार त्याच्यापासून किती अंतरावर असते? दुसरे असे की, डोक्याकडील नट (तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि खुंट्या यांच्यामध्ये तारेचा जो तुकडा असतो, ज्याला हात कधी लागत नाही, तेथे गंज दिसतो का, हे भिंगाने पाहून सांगावे.

(जाता जाता : नाण्यांचा जो वास म्हणता तो धातूचा नसतो. त्वचेवरील स्निग्धांश लोखंडाच्या संपर्कात विघटित होतो, त्याचा तो वास असतो.)

मांजराकाठ, लातूर

सर, आपण नेमक्या जागी बोट ठेवले. गिटार स्टँडवर उभी असते आणि स्टँड कूलरपासून तीन फुटांवर आहे. रात्री खिडक्या लावून कूलर पहाटेपर्यंत चालू असतो आणि सकाळी खोलीतल्या चादरीसुद्धा दमट लागतात. गेल्या पावसाळ्यात ती दुसऱ्या खोलीत, कपाटावर बॅगेत असे.

भिंगाने पाहिले. नट आणि खुंट्या यांच्यामधला तुकडा नव्यासारखा चकचकीत आहे. गंज पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत आहे आणि ब्रिजजवळ (तारा जेथे गिटारच्या पोटावर अडकवतात तेथे), जेथे माझा उजवा तळहात टेकतो, तेथे आहे. नवल म्हणजे वरच्या बाजूपेक्षा तारेच्या खालच्या, फ्रेटबोर्डकडील बाजूला तो जास्त आहे.

गोदातीर, नांदेड

मग निदान झाले. नुसत्या कूलरने गंज चढला असता तर तो खुंट्यांपाशीही दिसला असता, कारण ओलसर हवा तर सगळ्याच तारेला सारखी लागते. मीठ आपल्या हाताचे आणि ओल कूलरची, अशी ही भागीदारी आहे. कूलर उन्हाळ्यात बंद करा असे मी मराठवाड्यातल्या कोणालाही सांगणार नाही, तेव्हा दोन्ही भागीदारांना एकमेकांपासून दूर ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

जुनीतार, छत्रपती संभाजीनगर

मी गेली अनेक वर्षे गिटार दुरुस्त करतो. वरील विवेचन उत्तम आहे. मी फक्त हाताने करायचे काम सांगतो.

तारेच्या खालच्या बाजूला गंज जास्त असण्याचे कारण असे की पुसणारे सगळेच वरून पुसतात. वाजवणे संपताच, गिटार खाली ठेवण्यापूर्वी, जुन्या धुवट सुती कापडाची घडी घ्या. एकेक तार कापडासकट अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून ब्रिजपासून नटपर्यंत ओढा. त्यानंतर कापड सगळ्या तारांच्या खालून सरकवा आणि दोन्ही टोके धरून वर-खाली फिरवा. या कामाला दोन मिनिटे लागतात. ते लगेच करणे महत्त्वाचे आहे, कारण घाम ओला असतो तोवर मीठ त्याच्याबरोबर कापडात उतरते. एकदा वाळून तारेला चिकटले की कोरड्या कापडाने ते नीट निघत नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक जेवण करून मग पुसतात. कापड आठवड्याला धुवा, नाहीतर कालचेच मीठ आज परत तारेला लागेल.

वाजवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, पण धुतल्यावर टॉवेलने पूर्ण कोरडे करून दहा मिनिटे थांबावे. आपल्याकडे बोअरचे पाणी असेल तर हात आपोआप वाळू देऊ नका, कारण त्याचेही क्षार कातडीवर राहतात.

गिटार कूलरच्या खोलीतून हलवावी, परंतु उघडी ठेवू नये. येथे थोडे सांभाळून वागावे लागते. लाकडाला सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतील भाजणाऱ्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात आणि कधी कधी वरच्या पाटाला तडा जातो. म्हणून आतल्या खोलीत, बंद बॅगेत, उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर जरूर वापरा. मे महिन्यात त्या बॅगेत टाकू नका, तारा वाचतील पण लाकूड जाईल.

तारांच्या खरेदीबद्दल दोन पर्याय आहेत. पहिला लेपित तारांचा. गोर या कंपनीने १९९७ साली एलिक्सिर नावाने पॉलिमरचा पातळ लेप दिलेल्या तारा बाजारात आणल्या, आणि आता इतर कंपन्यांच्याही मिळतात. वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि मळ शिरू नये यासाठी तो लेप असतो. त्या संचातील बारीक सरळ तारांना गंजरोधक मुलामा आहे की नाही, हे पाकिटावर वाचून घ्यावे, कारण आपले दुखणे बारीक तारांचेच आहे. या तारा साध्या संचाच्या कितीतरी पट महाग पडतात, नवेपणाचा चकचकीत आवाज किंचित दबतो, आणि पिक जोरात मारणाऱ्याच्या हाती लेपाचे पांढरे धागे सुटू लागतात. तरीही घामट हातांसाठी त्या परवडतात, असे माझे मत आहे.

दुसरा पर्याय साधा आहे आणि दुकानदार तो सहसा सांगत नाहीत. पहिली व दुसरी तार सुटी मिळते आणि ती स्वस्त असते. पाच-सहा जोड्या आणून हवाबंद डब्यात ठेवा व खरखर जाणवली की फक्त तेवढ्या दोन बदला. गंजलेली तार मात्र चालवून घेऊ नका. फ्रेट जर्मन सिल्व्हर या तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ते पोलादापेक्षा मऊ असतात, आणि गंजलेली तार त्यांच्यावर कानशीसारखी चालते. फ्रेट बदलण्याचा खर्च तारांच्या वर्षभराच्या खर्चाहून अधिक येतो.

कोणी नायलॉनच्या तारा लावा म्हणाले तर ऐकू नका. त्या गंजत नाहीत हे खरे, पण त्यांचा ताण फार कमी असतो आणि पोलादी तारांसाठी बांधलेल्या गिटारवर त्या मिणमिण वाजतात.

वाळवंटी, अंबाजोगाई

तेलाबद्दल थोडे लिहितो, कारण प्रश्नकर्त्याने तेलाला दोष दिला आहे आणि तो पूर्णपणे बरोबर नाही. मी सतारीचा विद्यार्थी आहे. आमच्याकडे खोबरेलात भिजवलेला कापूस छोट्या वाटीत ठेवून मधूनमधून डाव्या हाताची बोटे त्याला टेकवण्याची रीत जुनी आहे. मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणे) घेताना बोट सरकावे हा मूळ हेतू. तार राखली जाते हा वरचा लाभ. पण सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार सरळ पोलादी असते. तिच्यावरचे तेल पुसले की निघून जाते. गिटारच्या जाड तारांना वेटोळे असल्यामुळे तेल फटीत शिरते, धूळ धरते आणि आवाज बसतो. तुमची चूक तेल लावण्यात नाही, सहाही तारांना चोळण्यात आहे.

पुसून झाल्यावर फक्त पहिल्या दोन तारांवरून तेलाचे बोट फिरवलेले कापड न्यावे, आणि तार बोटाला ओशट लागेल इतके ते नसावे. खोबरेल आमच्याकडे डिसेंबरात गोठते. मी त्या दिवसांत शिलाई मशीनचे पातळ तेल वापरतो. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल कधीही लावू नये, ते तारेवर चिकट होऊन बसते.

आमच्या गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही, पहारे बदलतात आणि ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. काल्याच्या दिवशी तिच्या तारा पाहिल्या की इतक्या हातांचा घाम काय करतो ते कळते. आमचे वृद्ध वीणेकरी पहारा संपवताना उपरण्याने तारा निपटून मगच वीणा पुढच्याच्या गळ्यात घालत असत. पुढच्यांना तेवढा धीर नसतो.

कोरडवाहू, परभणी

तळहातांना रुमाल लागावा इतका घाम लहानपणापासून येत असेल तर एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, हा विकार ओळखीचा आहे. मला रात्री लावण्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण दिले होते आणि त्याचा चांगला उपयोग झाला. ते आम्लधर्मी असते, त्यामुळे सकाळी हात धुतल्याशिवाय तारांना हात लावू नये. मी एकदा लावला आणि एका रात्रीत तार तांबूस झाली. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण काहींच्या कातडीला ते सोसत नाही.

मांजराकाठ, लातूर

जवळजवळ एक महिन्याने लिहीत आहे. महाग संच न घेता मी आधीचाच साधा संच पुन्हा आणला, म्हणजे तुलना खरी होईल. गिटार आतल्या खोलीत बॅगेत ठेवली, वाजवून उठताच चिमटीत धरून आणि खालूनही तारा पुसल्या, आणि मशीनचे तेल फक्त दोन बारीक तारांना लावले. आज सव्विसावा दिवस आहे. बी तारेवर दुसऱ्या फ्रेटजवळ, खालच्या बाजूला, मोहरीएवढाही नाही असा एक ठिपका आला आहे. ई तार स्वच्छ आहे. मधे दोन दिवस पाहुणे असल्यामुळे पुसायचे राहिले होते, तो ठिपका त्या दोन दिवसांचा आहे असा माझा संशय आहे.

एक प्रश्न उरतो. जाड चार तारा गंजल्या नाहीत, तरी त्यांचा आवाज आता भद्द येऊ लागला आहे. त्या पाण्यात उकळून घेतल्या तर पूर्ववत होतात असे एकाने सांगितले. तसे करावे का?

जुनीतार, छत्रपती संभाजीनगर

उकळल्याने वेटोळ्यांतील मळ सुटतो आणि आवाज चार दिवस उजळतो. बेस गिटारच्या महागड्या तारांसाठी लोक ते करतात. आपल्या साध्या संचासाठी गॅससुद्धा वाया घालवू नका. तारा काढताना आणि पुन्हा चढवताना खुंटीपाशी जुन्याच वळणावर वाकतात आणि तेथेच तुटतात, शिवाय आत राहिलेले पाणी गाभ्यातल्या पोलादाला गंज लावते. सव्वीस दिवस रोज वाजवलेल्या ब्राँझच्या तारा कळकणारच. चारही नव्या घाला, आणि ई तार चांगली असेल तर ती तशीच राहू द्या.